पेटीचा सिनेमा

कवळीवाल्याच्या घरात दात कुठेही सापडत. खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टरचे जबडे वाळत पडलेले असत, ओट्याच्या कोपऱ्यात मेणात रोवलेली वरची पंगत असे, आणि एकदा तर पाहुण्यांच्या चहाच्या ट्रेमध्ये साखरेच्या भांड्याशेजारी कुणाची तरी खालची कवळी जाऊन बसली होती. त्याच्या बायकोने ती शांतपणे उचलली आणि पाहुण्यांना म्हणाली, "तुम्ही आपापले घेऊन आला असालच, हे परत नेते." बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. दिवसभर लोकांचं अर्धवट बोलणं आणि डॉक्टरांचं अक्षर लावून लावून तिची जीभ अशी धारदार झाली होती.

तो स्वतः मऊ माणूस. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे मापं पाठवत आणि तो मागच्या खोलीत बसून दात बनवी. प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात लावायचा, मग ॲक्रिलिक भरायचं, घासायचं, मोटरवर चकाकी आणायची. ज्या तोंडात ते दात जाणार ते तोंड त्याला कधी दिसत नसे. दिसायचा नुसता जबडा. त्यावरून तो उरलेला माणूस रचायचा. हे आजोबा झोपेत दात खातात, म्हणजे दिवसा कुणाला उलटून बोलत नसणार. या बाईंचा सुळा एका बाजूने झिजलाय, नक्की दाताने दोरा तोडणाऱ्या. लेक शेजारच्या स्टुलावर बसून हे सगळं ऐके. पेन्सिलींचे थोटके, रिकाम्या रिफिली, रंगीत कागदाचे कपटे असं काय काय ती खिशात साठवून ठेवी, म्हणून तिचं नाव खारूताई पडलं आणि झिजून झिजून खारू झालं.

या बापलेकीचं आपलं एक वेगळंच राज्य होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत त्याची लहानपणची कॉमिक्स होती, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या गुप्तहेराची. टीव्हीवर परग्रहावर अडकून पडलेल्या पोस्टमनांची जुनी मालिका होती, ती दोघांनी मिळून इतक्यांदा पाहिली की जेवताना मीठ मागायचं तरी त्यातल्या कॅप्टनच्या आवाजात मागायचं. आणि रात्रीची जेवणं झाली, टेबल पुसलं, की पट मांडला जायचा. जहाजांचा, वाळवंटाचा, बुडत्या शहराचा. बायको म्हणे, "लोकांकडे बाप मुलीला पोहायला शिकवतात. आमच्याकडे बुडालेल्या जहाजातून दोन सोंगट्यांनिशी कसं सुटायचं ते शिकवतात." म्हणे आणि तिसरी सोंगटी घेऊन बसे, बहुतेक वेळा जिंकेही.

पण या सगळ्याच्या वरचढ होता तो पेटीचा सिनेमा.

त्याची हकीकत अशी. कवळीवाला पाच-सहा वर्षांचा असताना ते एका अरुंद रस्त्यावर, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहत. समोरच्या घरात एक शिंपी होता. त्याने कुणाकडून तरी जुना व्हिडिओ घेतला होता आणि त्याच्याजवळ कॅसेट होती एकच. शिलाई करताना सोबत म्हणून तो रोज संध्याकाळी तीच लावी. माणूस तिरसट, मुलांनी कापडाला हात लावलेला त्याला खपत नसे, त्यामुळे आत जायची सोय नव्हती. पण त्याची खिडकी यांच्या खिडकीच्या अगदी समोर. कवळीवाला आणि त्याची मोठी ताई कट्ट्यावर हनुवट्या टेकून तो सिनेमा रोज पाहत. आवाज मात्र येत नसे. मधे रस्ता, आणि खाली छापखान्याची खडखड. मग आवाज ताईने दिला. बाईचं बोलणं ती बोले, पुरुषांचं बोलणं त्याला शिकवी, आणि पावलांचे, दारांचे, पाण्याचे आवाज दोघं मिळून काढत. सिनेमाचं नाव पडद्यावर येई ते इतकं बारीक की रस्त्याच्या पलीकडून वाचता येत नसे. म्हणून तो पेटीचा सिनेमा.

गोष्ट भन्नाट होती. लांब कोट घातलेला एक माणूस बोटीतून एका गावात उतरतो. त्याच्या हातात चौकोनी पेटी. त्या पेटीत एक यंत्र, हरवलेली माणसं कुठे आहेत ते सांगणारं. गावात बेकरीच्या वर एक चष्मेवाली बाई राहते. ती त्याची लहानपणी ताटातूट झालेली बहीण. यंत्राचा नकाशा तिच्या घरात कुठेतरी लपवलेला आहे, म्हणून भाऊबहीण घरातलं सगळं सामान बाहेर काढतात, कपाटं रिकामी करतात, शोधून झालेलं एका बाजूला आणि शोधायचं राहिलेलं दुसऱ्या बाजूला असे ढीग लावतात. छत्री घेतलेला एक टकल्या हेर त्यांच्या मागावर असतो. शेवटी पुलावर बहीण यंत्राची किल्ली नदीत फेकून देते, कारण आता दोघं एकमेकांना सापडलेत, आणि दोघं पोट धरधरून हसतात.

खारूला ही गोष्ट बोबडं बोलायच्या वयापासून पाठ होती. कवळीवाल्याने तिच्यासाठी त्या गावाचा पट केला होता. हिरड्यांच्या गुलाबी ॲक्रिलिकचा टकल्या आणि प्लास्टरचा कोटवाला. खेळताना खारू टकल्याला कधी जिंकू देत नसे. आता ती तेरा वर्षांची होती. खोलीचं दार लोटलेलं असायचं, कानात काहीतरी घातलेलं असायचं, आणि पट मांडू का विचारलं की "नंतर बघू" असं उत्तर यायचं. ते नंतर काही उगवत नसे. कवळीवाला बोलून दाखवत नव्हता, पण मागच्या खोलीतलं रिकामं स्टूल त्याला खुपत होतं.

म्हणूनच, मुलांच्या वाचनालयाने जेव्हा आवडत्या सिनेमावरून चित्रकथा काढायची स्पर्धा ठेवली आणि खारू आपणहून स्टुलावर येऊन बसली, "बाबा, पेटीचा सिनेमा पहिल्यापासून सांग, नीट, एकेक शॉट," तेव्हा त्याने हातातली कवळी तशीच बाजूला ठेवली. पुढचे कितीतरी दिवस दोघं त्यात बुडालेली होती. तो सांगे, ती काढी. कोटाची कॉलर अशी नाही, वर केलेली. पूल लाकडाचा नाही, लोखंडी, आणि त्याला मधोमध दिवा. त्याला एकूण एक गोष्ट आठवत होती, कारण खरोखरच त्याने ती डोळ्यांनी पाहिली होती. खारूची रेघ ठाम होती. बहीण कपाटातून भराभर कपडे काढते आहे आणि भाऊ टोपल्या रिकाम्या करतो आहे, ते पान पाहून बायकोनेसुद्धा बोलणं आवरतं घेतलं आणि चष्मा लावून परत पाहिलं.

वाचनालयातल्या बाईंना ती चित्रकथा फार आवडली. शनिवारी सगळ्यांची चित्रं लावायची होती आणि प्रत्येकाने आपल्या चित्रांबद्दल चार वाक्यं बोलायची होती. बाईंनी फक्त एक गोष्ट मागितली, सिनेमाचं नाव. नियमच होता तसा, खाली सिनेमाचं नाव हवं.

खारूने मग शोध लावलाच. जुन्या सिनेमांची चर्चा करणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक अड्डा होता, तिथे तिने पूल, बेकरी, छत्री, सगळं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी नाव कळवलं, सिनेमाची जुनी, रंग पार उडालेली प्रत कुठे बघायला मिळेल तेही कळवलं. नाव एका शब्दाचं, अगदी सपक, वकिलाच्या कागदावर शोभावं असं. कवळीवाला म्हणाला की नावात काय, पुढे बघा. त्याने त्या दिवशी मोटर लवकर बंद केली, हात दोनदा धुतले आणि बायको दुकानातून यायच्या आधीच खुर्च्या मांडून ठेवल्या.

सुरुवात जशीच्या तशी होती. बोट आली, कोट आला, पेटी आली. तो शॉट यायच्या आधी सांगत होता, आता धक्क्यावर गर्दी, आता टकल्या छत्री उघडणार, आणि टकल्या छत्री उघडत होता. खारू खुशीत होती. तिने स्वतःचं पहिलं पान मांडीवर घेतलं होतं आणि ते पडद्याशी जुळवून बघत होती.

मग कोटवाल्याने तोंड उघडलं. आवाज बारीक निघाला, नाकातला. दार उघडणाऱ्या चष्मेवालीला तो म्हणाला, "वकीलसाहेब मागून येताहेत. सामान कसं वाटायचं ते आजच ठरवून टाकू."

बायकोला हसू फुटलं. तिला वाटलं, यात पुढे काही गंमत असणार. पण पुढे गंमत नव्हती. ती दोघं नवराबायको होती आणि वेगळी होत होती. छत्रीवाला टकल्या त्यांचा वकील होता, बऱ्यापैकी भला माणूस. नकाशा नव्हता. दोघं घरातलं सामान वाटून घेत होती, हे तुझं, हे माझं, आणि लावलेले ढीग त्याचेच होते. पेटीत कोटवाल्याचे कपडे होते. कवळीवाल्याने पुढचे शॉट सांगणं बंद केलं होतं. पुलाच्या प्रसंगात बाईने घराची किल्ली नदीत टाकली आणि दोघं वाकली, त्यांचे खांदे हलायला लागले. ती दोघं रडत होती. रस्त्याच्या पलीकडून ते हसण्यासारखं दिसलं होतं, आणि आज जवळून पाहतानाही त्याला क्षणभर हसणंच दिसलं.

सिनेमा संपल्यावर खारूने पानं गोळा केली.

"ती भाऊबहीण नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत."

"तू सांगितलंस, आहेत."

त्याने सांगितलं, की अगं, आम्हाला आवाज येत नव्हता, समोरच्या खिडकीतून पाहायचो आम्ही. हे तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता. आजवर त्याने तिला इतकंच सांगितलं होतं, की आम्ही तो शिंप्याकडे पाहिला. लपवलं होतं असंही नाही. त्याच्या आठवणीत त्या सिनेमाला आवाज होता. ताईचा आवाज बाईच्या तोंडात इतका घट्ट बसला होता, की तो वेगळा काढता येतो हे तो विसरूनच गेला होता. पण तेरा वर्षांच्या मुलीला हे असं समजावून सांगणं त्याला जमेना. तो आपला एवढंच म्हणत राहिला, की मी मुद्दाम नाही केलं.

"मी सगळ्यांना सांगितलंय हा सिनेमा असा आहे म्हणून. शाळेत, वाचनालयात, सगळीकडे. शनिवारी तिथे नाव लिहायचंय. कुणी पाहिला असेल तर?"

मग त्याच्या हातून दुसरी चूक झाली. ती मोठी होती. तो म्हणाला, एवढा जुना सिनेमा कुणी पाहिलेला नसतो, बाईंना सांग नाव काही सापडलं नाही.

खारूने त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे आता मी पण तसंच करू?"

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, नीट लावून घेतलं. बायको उठून खुर्च्या जागेवर ठेवायला लागली आणि म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवता. त्या बाईच्या तोंडात काय बसवलं होतंत, ते एकदा तपासायचं तरी." मग त्याचा चेहरा बघून तिने तो विषय तिथेच सोडला आणि चहा टाकला.

पुढचे दोन दिवस घरात सगळं व्यवस्थित होतं. खारू जेवायला येई, विचारलेल्याचं उत्तर देई. मीठ मागताना साधं मीठ मागे. गुरुवारी तिने एकदाच मागच्या खोलीत डोकावून विचारलं, की समुद्राच्या तळाच्या गुप्तहेराला एक हात यंत्राचा आहे, तो खरंच आहे की तूच लावलास. तो म्हणाला, खरंच आहे. ती बिस्किटांचा डबा उघडून स्वतः बघून गेली. हे कवळीवाल्याला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला चाललं असतं. एका गोष्टीपायी तिला त्याच्या सगळ्याच गोष्टी संशयाच्या वाटायला लागल्या होत्या, आणि आता ही मुलगी परत स्टुलावर बसणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

त्याने ताईला फोन केला. सिनेमा सापडला, आणि तो कसला निघाला, ते सांगितलं. त्याची अपेक्षा होती की तीही चाट पडेल. ती पलीकडून एवढंच म्हणाली, उद्या येते.

ताई पाळणाघर चालवते. रोज वीस-पंचवीस पोरांना भरवून, झोपवून, भांडणं सोडवून तिचा आवाज असा झाला आहे, की ती कुजबुजली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जातं. शुक्रवारी दुपारी ती आली, चप्पल काढतानाच खारूला हाक मारली आणि दोघांना मागच्या खोलीत बोलावलं. स्वतः स्टुलावर बसली. खारू दाराला टेकून उभी राहिली.

"बारक्या, मला माहीत होतं," ताई म्हणाली.

"काय?"

"नवराबायको आहेत ते. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. बाई अंगठी काढून टेबलावर ठेवते, तो शॉट नाही का? तू तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतास, तुला अंगठी कशाला कळतेय."

"मग मला भाऊबहीण का सांगितलंस?"

ताईने समोरचा प्लास्टरचा जबडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत ठेवला. "तेव्हा आई घरी नव्हती."

ते त्याला आठवत होतं. आई मामाच्या आजारपणासाठी गेली होती. बरेच महिने.

"मामा ठणठणीत होता," ताई म्हणाली. "आईबाबांचं बिनसलं होतं. परत येणार की नाही, ते त्या दोघांनाही माहीत नव्हतं. बाबांनी मला बजावलं होतं, बारक्याला काही बोलायचं नाही. आणि तू रोज संध्याकाळी तिथे बसून विचारायचास, ताई, ते काय करतायत, सामान का काढतायत. काय सांगू? म्हटलं, काहीतरी शोधतायत. कोण आहेत, तर भाऊबहीण आहेत. भाऊबहीण काही वेगळे होत नाहीत. पुढचं तूच लावलंस. ते यंत्र तुझं. हरवलेली माणसं शोधायचं."

कवळीवाल्याने हातातला ब्रश पाण्यात ठेवला. ब्रश स्वच्छ होता आणि कोरडा होता, पाण्यात ठेवायचं काही कारण नव्हतं. पुढे आई परत आली होती, आणि नंतर किती वर्षं त्याच घरात आईबाबा दोघं एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत म्हातारे झाले होते. त्यामुळे मामाचं आजारपण कधी कुणी उकरून काढलं नव्हतं. ताई म्हणाली, की पुढे सांगायचं राहूनच गेलं. तू ती गोष्ट इतक्या आनंदाने सांगायचास, मला वाटलं, असू दे.

खारू दारापासून पुढे आली आणि म्हणाली, "आत्या, पुलावर ती हसतात, ते कुणी सांगितलं?"

"ते कुणी सांगितलं नाही. ते त्याला तसंच दिसलं. मला काही बोलताच आलं नाही, तर हाच हसायला लागला. मग मीही हसले."

खारू आणखी बरंच विचारत राहिली. टकल्या हेर कुणाचा, तो बाबाचा. बेकरीतला माणूस पाव देताना खुणेचा शब्द सांगतो, तो आत्याचा. नकाशा दोघांचा. ती हे एखाद्या पंचनाम्यासारखं विचारत होती आणि ताई चोख उत्तरं देत होती. कवळीवाला मधे पडला नाही. आपली गोष्ट अशी सुटी सुटी होताना तो ऐकत होता आणि त्याला वाटलं होतं तितकं वाईट काही वाटत नव्हतं. फक्त आई घरी नव्हती तेव्हाची तिची संध्याकाळची रिकामी खुर्ची त्याला आता वेगळी दिसायला लागली होती.

शनिवारी सकाळी खारू एकटीच आधी वाचनालयात गेली. तिथे काय झालं ते नंतर बाईंकडून कळलं. तिने सरळ सांगितलं, की ही चित्रकथा या नावाच्या सिनेमावरून काढलेली आहे, पण गोष्ट त्या सिनेमाची नाही. बाई गोंधळल्या. नाव तर खरं आहे, चित्रंही जुळतात, मग राहू दे की, असं त्या म्हणाल्या. खारू म्हणाली, नको. नियम बघितले तर ती स्पर्धेत बसत नव्हती. बाईंनी शेवटी पानं जिन्याजवळच्या फलकावर लावली, जिथे नेहमी हरवलेल्या छत्र्यांच्या सूचना असतात, आणि त्यांना स्पर्धेचा क्रमांक दिला नाही. बक्षीस मिळायची शक्यता होती, ती गेली. खाली खारूने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, गोष्ट आत्या आणि बाबा, चित्रं मी. सिनेमाचं नावही लिहिलं, आणि पुढे लिहिलं, लांबून पाहिलेला.

दुपारी गर्दी होती. कवळीवाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता. जवळ जायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं, कारण घरातून निघताना खारूने "ये" म्हटलं नव्हतं आणि "येऊ नको"ही म्हटलं नव्हतं. बायको दुकानाचाच ॲप्रन घालून तिथे आली होती. तिने त्याला कोपराने थोडं पुढे ढकललं.

काठी घेतलेल्या एक आजी फलकासमोर बराच वेळ थांबल्या. एकेक पान त्यांनी चष्म्याच्या खालून वाचलं. मग म्हणाल्या, "मुली, हा सिनेमा मी थिएटरात पाहिलाय. ही भाऊबहीण कुठली? नवराबायको होती ती. मी रडले होते."

कवळीवाल्याने ते जिन्यावरून ऐकलं. ज्याची भीती होती ते हेच.

"बरोबर आहे," खारू म्हणाली. "थिएटरात नवराबायकोच आहेत. माझ्या बाबाच्या घरासमोर एक खिडकी होती. तिच्यातून आवाज येत नव्हता. तिथून ती भाऊबहीण दिसायची."

"आणि हे यंत्र?"

"ते बाबाचं आहे. तेव्हा त्याला ते लागत होतं."

आजींनी पुन्हा पुलाचं पान पाहिलं. मग त्या म्हणाल्या, की रंग मात्र पुलाचा चुकला, हिरवा होता तो. खारूने पेन्सिल काढून पानामागे टिपून घेतलं. आजी पुढच्या फलकाकडे गेल्या, तेव्हा तिला जिन्यावरचा बाप दिसला. तिने हात वगैरे केला नाही. म्हणाली, "बाबा, पूल हिरवा होता म्हणे. तू करडा सांगितलास."

"शिंप्याचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता," तो म्हणाला.

"मग हेही सांगायचं ना आधी."

बायको म्हणाली, आणखी काय काय उरलंय ते एकदाच सांगून टाका, म्हणजे पोरीला सारखा खोडरबर काढायला नको. खारूला हसू आलं, ते तिने दाबलं.

पुढच्या आठवड्यात ती वाचनालयातून एक जाड कॉमिक घेऊन आली, तिला आवडणाऱ्या मालिकेतलं. कवळीवाल्याने या मालिकेचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यात जमिनीखालच्या शहरात राहणारी, एकमेकांशी नकाशे बदलणारी मुलं होती आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं होतं. ती मागच्या खोलीत आली, पुस्तक प्लास्टरच्या पिशवीवर ठेवलं आणि सांगितलं, की मी हे वाचलंय. आता तू वाच आणि मला सांग. जसं आहे तसं. मी ताडून बघणार आहे.

त्याने ते साच्यात ॲक्रिलिक घट्ट होत असताना वाचलं, मोटर थंड होत असताना वाचलं. आधी तर उलटीकडून वाचत गेला आणि खलनायक सुरुवातीलाच कसा मेला म्हणून चक्रावला. रविवारी खारू स्टुलावर बसली, पुस्तक मांडीवर उघडून, आणि तो सांगायला लागला. जसं आहे तसं सांगणं त्याला जड जात होतं. दोनदा तो घसरला. भुयारातला पहारेकरी आंधळा आहे म्हणाला, तो फक्त झोपलेला होता. खारूने पान वळवून दाखवलं. त्याने मान्य केलं आणि पुढे गेला. शेवटी धाकटी मुलगी एकटी वरच्या जगात निघून जाते, तिथे तो थांबला.

"इथे मला वाटलं, की ती..." त्याने जीभ चावली. "नाही. जाते. एवढंच आहे."

खारूने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तीन कवळ्या त्या दिवशी पॉलिशला राहिल्या होत्या आणि डॉक्टरांचा माणूस संध्याकाळी येणार होता.

"हे सांगून झालं," ती म्हणाली. "आता तुला काय वाटलं ते वेगळं सांग."

त्याने मोटरची पिन काढली आणि सांगायला घेतलं. ते पुस्तकापेक्षा लांबलं.